चिठ्ठी गेली कुठे?

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत नेमकं करतेस तरी काय, असं तू चौथ्यांदा विचारलंयस. ऐक. गव्हावर तांबेऱ्याची बुरशी आली, की पानातल्या एका प्रथिनाला फॉस्फेटची बारीकशी चिठ्ठी चिकटते. मग ते प्रथिन कामाला लागतं आणि बुरशीची डाळ शिजत नाही. निदान माझं तसं म्हणणं आहे! बुरशी सोडूनही पानं हिरवीगार आहेत, पण वाटून तपासली की चिठ्ठीचा मागमूस नाही.

महिनाअखेर दिसली नाही तर विषय बंद, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलंय. चार वर्षं पाण्यात जातील गं. जीव टांगणीला लागलाय.

लोभ असू दे, निकाल काहीही लागो.
तुझी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इस्त्री करता करता वाचलं आणि एका शर्टाची बाही पिवळी पडली. गिऱ्हाईक भलं, बाही दुमडून घालीन म्हणालं.

प्रथिन मला कळलं नाही, पण चिठ्ठी कळली. तीस वर्षं लाँड्रीत कॉलरला चिठ्ठ्याच टाचतेय. सुरुवातीला त्या गायब व्हायच्या, नि मी तुझ्या काकांवर ओरडायचे की लावल्याच नाहीत. लावलेल्या असायच्या, धुण्यात गळायच्या. तू पानं वाटतेस ना? वाटताना गळत नाही ना? हसलीस तरी चालेल.

वेळेवर जेव. तुझे बाबा म्हणत होते, काटकुळी झालीयस.
तुझी,
आत्या

२८ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

आधी हसलेच. मग जिन्यातच थबकले. पान वाटलं की त्यातलीच दुसरी प्रथिनं फॉस्फेट काढून टाकतात. त्यांना आवरायला एक औषध घालावं लागतं. मी घालत होतेच, पण बाटलीची मुदत केव्हाच टळलेली! नवी आणली, पानं बर्फावर वाटली. चिठ्ठी दिसली, आत्या! तीनदा करून पाहिलं, तीनही वेळा दिसली. आणि चिठ्ठी लागायची जागाच बदलून टाकलेली रोपं मात्र तांबेऱ्यानं भरलीत, म्हणजे बुरशीला अडवते ती चिठ्ठीच!

विषय चालू राहणार! हे सुचलं कुणाला, असं मॅडमनी विचारलं. प्रबंधात तुझे आभार मानायचेत. हुद्दा काय लिहू?
तुझी लाडकी,
भिंगरी

३ एप्रिल

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

हुद्दा म्हणे! भिंगरीची आत्या, एवढं लिही.

पत्र सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. मग मागच्या खोलीत जाऊन रडले, आनंदानं. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला कुणी धावलं नव्हतं बघ.

आता मात्र सुटका नाही तुझी. पुढचा प्रश्न असा, की मुळात ती चिठ्ठी लावतं कोण?

उत्तराची वाट बघतेय.
तुझी,
आत्या