तोंडावर टॉर्च

गुरुवार, संध्याकाळ. आखात, ओल्ड एअरपोर्ट भागातली खोली.

डेनिसची गोष्ट डोक्यातून जात नाही. ती अटलांटाची, कृष्णवर्णीय, आमच्या टीममध्ये नवीन, विज्ञानकथा लिहिते. आज जेवताना तिने एक वाचून दाखवली. एका शहरातली दारं काळे चेहरे ओळखत नाहीत. मग ती माणसं यंत्रांना न दिसता शहरच ताब्यात घेतात. मी म्हटलं, "असं दार चाचणीतच नापास होईल."

तिने मला खाली आमच्याच ऑफिसच्या गेटवर नेलं. घानाचा गार्ड जोसेफ मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरून उभा होता. त्याशिवाय कॅमेरा त्याला ओळखत नाही, आणि ओळखलं नाही की गैरहजेरी लागते. तीन लागल्यात. चौथीला नोकरी जाते.

मागून आमच्या टीममधला निलेश मराठीत म्हणाला, "अगं, त्याला हसायला सांग, दात दिसले की उघडेल!" मी हसले. का हसले?

डेनिसने विचारलं, "चाचणी कोणी केली?"

"गेट पुरवणाऱ्या कंपनीने," मी म्हटलं.

मीच केली होती. वीस चेहरे, सगळे आमच्या मजल्यावरचे. त्या दिवशी जोसेफही रांगेत होता. मीच त्याला म्हटलं होतं, "खलास, एवढे पुरेत."

टॉर्च तोंडावर तसाच ठेवून तो डेनिसला म्हणाला, "या मॅडम बरोबर सांगतात." हजेरीची दुरुस्ती माझ्या सहीने होते, हे त्याला ठाऊक आहे.

रविवारी ऑफिस उघडलं की त्याच्या हजेरीवर सही करेन. चाचणी पुन्हा घ्यायची, तर आधीची कोणी घेतली ते लिहावं लागेल. तसा त्याच्याकडे टॉर्च आहेच.