उघाडीच्या तोंडावरची रोपं

११ फेब्रुवारी २००७, रविवार

दोनदा पाय धुतले तरी नखांत खाडीचा चिखल आहेच. डोकं त्याहून तापलंय.

चार संस्थांचा मिळून एक उपक्रम म्हणे. मुंबईची निसर्गसंस्था, कंपनीचं फाउंडेशन, भिवंडीचा क्लब आणि आमची शाळा. म्हणून बॅनरही चार. सातवीची मुलं आठपासून उन्हात उभी, का तर कंपनीच्या साहेबांची गाडी राहनाळला ट्रेलरमागे अडकली. साहेब आले, नारळ फुटला, भाषणं झाली. तोवर ओहोटी संपत आलेली. मग एकच घाई. खारफुटीतल्या तिवराची चाळीस रोपं अर्ध्या तासात चिखलात. प्रत्येक रोपाला लावणाऱ्याच्या नावाची पत्र्याची पट्टी. माझंही एक रोप, पट्टीवर नुसतं ‘बाई’.

बाळारामकाकांना कुणी पुढे बोलावलं नाही. तीन वर्षं दर शनिवारी हा माणूस आमच्या पोरांना खाडीवर फिरवतोय, एक पैसा न घेता. खेकड्याचं बीळ कुठलं, तिवराची मुळं चिखलातून वर का येतात, सगळं त्यांच्याकडून. माझ्या पुस्तकात यातलं काही नाही.

रोपं लावताना ते मुंबईच्या संस्थेच्या अनघाताईंजवळ गेले. “ताई, इथं नका लावू.”

ताई म्हणाल्या, “काका, आमचा सर्व्हे झालाय. जरा बाजूला होता का, फोटोत येताय.”

फोटोत येताय! काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी रोपं वाटत होते.

१३ फेब्रुवारी, मंगळ.

पेपरात फोटो. चारही बॅनर स्पष्ट, मुलांची तोंडं अस्पष्ट. ‘ओसाड किनारा हिरवा होणार.’ ओसाड म्हणे! बाळारामकाकांचं, बा. का. चं, नाव कुठेच नाही. मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, कात्रण काचेच्या फलकात लावलं. “बाई, पुढच्या वर्षी संगणक देतो म्हणालेत.” खाडीचं काम आणि मिळणार संगणक. असो.

१० मार्च, शनिवार

बा. का. आले नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांची नात निकिता माझ्याच वर्गात. “आजोबा कामाव गेलेत,” म्हणाली, माझ्याकडे न बघता. मग मीच मुलांना घेऊन गेले. रोपं छान रुजलीत. बुंध्याशी गाळ धरून छोटे ढीग झालेत. मुलं एकसारखी प्रश्न विचारत होती. निम्म्यांना म्हटलं, पुढच्या शनिवारी काकांना विचारू.

पुढच्या शनिवारी तरी येतील का...

२६ मार्च, सोम.

काल पाडव्यानंतरचा पहिला रविवार. या गावात त्या दिवशी घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जातो. बांधाची भोकं बुजवायची, उघाडी साफ करायची. काल गेले आणि आपली सगळी रोपं काढून टाकली! पहिलं रोप बा. का. नी काढलं. निकितानेच सांगितलं, वर्गात, सगळ्यांसमोर. दोन मुली रडल्या. मलाही संताप आला, खोटं कशाला लिहू? मुलांनी हाताने लावलेली रोपं. निदान सांगायचं तरी!

(सांगितलं होतं. चिखलात उभं राहून सांगितलं होतं.)

२७ मार्च, मंगळ.

अनघाताईंचा फोन. “हे सरळसरळ व्हॅन्डलिझम आहे. तिवर तोडणं गुन्हा आहे, माहितीये ना?” चौघांच्या सह्यांनी तहसीलला तक्रार द्यायची. शाळेतर्फे सही माझी. दुपारी मसुदा आलासुद्धा. ‘स्थानिकांमध्ये जागृतीचा अभाव.’ ज्या माणसाने आम्हाला तिवर दाखवून शिकवलं, त्याला जागृती नाही! आणि मसुद्यात नावही त्यांचं एकट्याचंच. अख्खं गाव बांधावर होतं.

सही केली नाही. आधी त्यांना विचारते.

२८ मार्च, बुध.

शाळा सुटल्यावर बा. का. कडे. चहा झाला. मग मला बांधावर घेऊन गेले.

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला बंद, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. पावसाळ्यात ओहोटीला उघडतात, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत जातं. दारासमोरची चिखलाची पट्टी गाव दरवर्षी साफ ठेवतं. तिथे तिवर वाढला की गाळ धरणार, गाळ धरला की पाणी तुंबणार आणि कोवळं भात कुजणार. अख्ख्या गावाचं.

“बाय, ती जागा रिकामी न्हाय. ती पान्याची वाट हाय.”

आता लिहायलाच हवं. जानेवारीतल्या मीटिंगची नोंद मी या वहीत केली नव्हती. अनघाताईंनी विचारलं होतं, मोकळी जागा कुठे आहे, बस जवळ येईल अशी? मी शाळेच्या खिडकीतून बोट दाखवलं. “ती बघा, दरवर्षी मोकळीच असते.” दरवर्षी मोकळी का असते, हे सहा वर्षांत कुणाला विचारावंसं वाटलं नाही. रोज टेमघरहून येते, घंटा झाली की रिक्षात बसते, आणि मुलांना खाडी शिकवते म्हणून मिरवते. दीड महिना मुंबईवाल्यांच्या नावाने बोटं मोडतेय आणि जागा दाखवणारं बोट माझं.

बा. का. ना तिथेच सांगितलं. म्हणाले, “ठाव हाय. मोठं सर बोललं व्हतं.”

मग त्या दिवशी मला का नाही बोललात?

“पोरांच्या म्होरं तुमाला खाली बघाला लावू व्हय?”

३१ मार्च, शनिवार

क्लबात मीटिंग. गार समोसे. मी उभी राहून सांगितलं, जागा मी दाखवली, सर्व्हे कुणीही केलेला नाही. कंपनीचे साहेब अनघाताईंकडे बघायला लागले. ताईंनी आवाज खाली आणला. “रिपोर्टमध्ये तीन दिवसांचा सर्व्हे लिहून गेलाय, बाई. आता ते बदलता नाही येणार.”

रिपोर्ट बदलता येत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसावर तक्रार! सर्व्हे म्हणजे माझं बोट, असं मी म्हणाले तेव्हा आवाज चांगलाच चढला होता. क्लबचे अध्यक्ष म्हणतात, “मॅडम, टेन्शन मत लो. नुसती चौकशी होईल.” मग तुमच्या वडिलांची करा चौकशी, म्हटलं. म्हणायला नको होतं. म्हटलं.

तक्रार तिघांच्या सहीने गेली.

२ एप्रिल, सोम.

मोठे सर: “बाई, तुमचं पटतं मला, पण...” त्यांच्या त्या ‘पण’चं काय लोणचं घालू? शनिवारचं खाडीवर जाणं बंद. लेखी दिलंय. बदलीबद्दलही सहज म्हणून बोलून गेले.

४ एप्रिल, बुध.

बा. का. ना उद्या अकराला तहसीलला जबाबासाठी बोलावलंय.

काल संध्याकाळी निकिता मला बांधाच्या पलीकडच्या अंगाला घेऊन गेली. रोपं तिथे आहेत. मातीच्या गोळ्यासकट काढून, बांधाच्या बाहेरून ओळीने लावलेली. तिथे तिवर हवेच, बांध धरून ठेवतात. काकांना वाचता येत नाही, पण एकाही रोपाची पट्टी दुसऱ्याला गेलेली नाही. चार संस्था, आणि उघाडीपासून शंभर पावलं चालून बघायला कुणी आलं नाही. त्या चारांत मीही आले.

माझ्या रोपाने पानं टाकलीत. लागेल का, विचारलं. बा. का. बांधावर बसले होते, म्हणाले, “काय सांगू? तुमी वरवर लावलेलं व्हतं.”

आज पहिल्या तासाला वर्गात सांगितलं. ती जागा मी दाखवली होती, काकांना विचारलं नव्हतं, चूक माझी. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं आणि थांबलं. मग निकिता उभी राहिली.

“मंग बाई, तहसीलला आजोबांना का बोलावलंय? तुमाला का न्हाय?”

मी फळ्याकडे वळले. फळ्यावर तारीख लिहायची राहिली होती, ती लिहिली.

घरी येऊन जबाब लिहिलाय, चार ओळी. जागा मी दाखवली. सर्व्हे झाला नव्हता. रोपं तोडलेली नाहीत, हलवलीत. येऊन बघा. उद्याची रजा सरांनी नामंजूर केलीय. बोलावणंही नाही. कागद पिशवीत घातलाय. बा. का. ना निरोप धाडलाय, माझ्याआधी आत जाऊ नका.