नगराध्यक्षासाठी माझं मत

ती. अक्कास, सापुताऱ्याहून कुंदाचा नमस्कार.

मी बरी आहे. नगराध्यक्षाची निवड होईपर्यंत मोतीलालभाऊंनी आम्हा नगरसेवकांना इथं आणून ठेवलंय. जेवण चांगलं असतं, मला चव कळत नाही. हे गेल्यापासून तसंच आहे.

भाऊ म्हणाले, "वहिनी, नवऱ्याची जागा तुम्हाला मी मिळवून दिली. मत मलाच द्या." खरं आहे. पण यांच्या तेराव्याला पंगत बसायच्या आधीच त्यांनी त्या जागेचं विचारलं होतं. भाऊंच्या विरोधात निवडणुकीला उभ्या असलेल्या सुगंधाबाईंनी त्या दिवशी काही विचारलं नाही, मागच्या दारी भांडी घासली. मी त्यांना मत देणार आहे. इथं कुणाला बोलले नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? नंतर काही दिवस बोदवडला तुझ्याकडे राहिले तर दाजी रागावतील का?

तुझी,
कुंदा