भाकरीचा पहिला तुकडा

जालना,
१० मार्च १९९६

ती. सौ. सगुणाताईस, बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या वर्षश्राद्धानंतर आबांना हसनाबादहून इथे आणलं. कूलर घेतला, टीव्ही त्यांच्या खोलीत ठेवला, मोसंबीचा रस रोजचा. तिसऱ्या मजल्यावरून ते सारखे खाली उतरत. त्यांचे गुडघे तुला ठाऊकच आहेत, म्हणून दाराला वरची कडी लावायला हिला सांगितली. आता ते जेवतच नाहीत. ताटापुढे बसतात आणि उठतात. डॉक्टरांना काही सापडत नाही. माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललाय, ताई, मला भीती वाटते.

कॉलेजात सध्या चीनमधल्या ताओ पंथाच्या बोधकथा शिकवतोय. एका राजाच्या गावी समुद्रपक्षी येतो. राजा हरखून त्याला महालात नेतो, मद्य, मांस, गाणंबजावणं, सगळं पुढं करतो. पक्षी कशालाही तोंड न लावता मरतो. ही मंडळी तात्पर्य सांगत नाहीत. ऐकणारा आतून बदलावा, एवढंच त्यांना हवं असतं. तुला गोष्टी आवडतात म्हणून लिहिली.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा बद्री

जाफराबाद,
१८ मार्च

चि. बद्रीनाथ यास सगुणाताईचे अनेक आशीर्वाद.

गोष्ट वाचली. मुलांना शिकवतोस, आणि तो राजा कोण ते तुला कळलं नाही याचं आधी हसू आलं, मग रडू. आबांना जल्दी हसनाबादला पोचव. पक्ष्याला त्याच्या रानात सोडावं. शेजारी कचरूकाका आहेत, काकू भाकरी देतील. वहिनीवर माझा राग नाही, तिला तसं सांग.

तुमचं सगळ्यांचं बरं चिंतणारी,
ताई

हसनाबाद,
६ एप्रिल

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

काल मी इथे आले. तू पोचवून गेल्यापासून आबा जेवतात, पण आईच्या रिकाम्या खोलीकडे बघत बसून असतात. खूश होतील म्हणून त्यांना तुझी गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं की राजानं पक्ष्याला इचारलं होतं का. मी नाही म्हणाले. मंग म्हणाले की तुम्ही तरी कुठं इचारलं, नेताना बद्रीनं न्हाई अन् धाडताना तू न्हाई.

त्यांना जालना आवडलं होतं, बद्री. तुझी लेक चतुरा मांडीवर येऊन बसायची म्हणाले. पण जनावराला पहिला तुकडा घातल्याबिगर ते जन्मात जेवले न्हाईत, हे आपण दोघंही विसरलो. जिन्याखालच्या लंगड्या कुत्रीला रोज तुकडा घालून राह्यलो होतो, म्हणाले. कडी लागली तसा घास उतरंना. पोराचं घर, म्हणून बोलले नाहीत.

तुला मी राजा म्हणाले, पण मीही त्याच महालातली निघाले. कडी काढ आणि येऊन त्यांना घेऊन जा. नाही, आधी त्यांना विचार.

तुझी ताई

जालना,
२ नोव्हेंबर

ती. सौ. सगुणाताईस शि. सा. न. वि. वि.

आबांचं तेरावं आटोपून तू गेलीस आणि घर फार मोठं वाटायला लागलं. विचारल्यावर ते लगेच निघाले होते, पिशवी भरूनच बसलेले, हे आज सारखं आठवतंय. रोज सकाळी हात धरून त्यांना खाली न्यायचो. तेवढे सहा महिने मिळाले, ते तुझ्यामुळे.

सोमवारी वर्गात तीच गोष्ट आहे.

आज ताट वाढलं आणि हात पुढं होईना. तुकडा घेऊन खाली गेलो. कुत्री जवळ येईना, जिन्याकडे बघत राहिली. आबा मागून उतरतील असं तिला वाटत असावं. मी शेवटच्या पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आली आणि माझ्या हातून तुकडा घेतला. मग वर येऊन जेवलो.

आता तूच वडीलधारी, जीव लावत राहा.
तुझा बद्री