तक्त्यावरच्या खोट्या खुणा

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

चिमी बरी आहे, दोन घास जास्तच खाते. तुझे गुडघे कसे आहेत?

हाड कापून तिच्या पायाभोवती बसवलेल्या लोखंडी कड्यांचे नट मला रोज चारदा पान्यानं फिरवायचे होते, म्हणजे आखूड हाड हळूहळू लांबणार होतं. ती किंचाळायची. माझा हात धजेना. आठ दिवस मी दवाखान्याच्या तक्त्यावर फिरवल्याच्या नुसत्याच खुणा केल्या.

हाड लांबण्याआधीच जुळून आलं. आता पुन्हा कापणार आहेत.

डॉक्टरांनी मला विचारलं, नट रोज फिरवले होते का. चिमीच म्हणाली, "आईनं फिरवले. मीच गुपचूप उलटे फिरवायचे."

डॉक्टर तिला खूप रागावले. मी शेजारी उभी राहून ऐकलं.

बाबांना एवढंच सांग, नात बरी आहे.

तुझी,
थोरली