लाल गोंड्यांच्या वहाणा

तीर्थरूप पुंडलिकमामांच्या पायी दिग्गीहून वासूचा दंडवत. इकडं आई, मी आन् दोन्ही म्हशी देवाच्या दयेनं बऱ्या हाय. मामींची कंबर कशी हाय? तुमच्या तारालाही (तिनं इचारलंच तर) खुशाली सांगा.

तुमी धाडलेल्या लाल गोंड्यांच्या वहाणा पावल्या. तुमचा निरोपही पावला, की तुला पाळण्यात बघितलेला, आता मिशा फुटल्या असतील, तवा चंपाषष्ठीला ह्याच घालून ये, वहाणांवरनं भाचा ओळखीन आन् त्याच दिशी ताराची सुपारी फोडीन. आता पुढचं जरा बसून वाचा.

सोमवारी गोव्याकडनं एक गोरा पाद्री घाट चढून आला. अंगात तपकिरी झगा आन् पाय उघडे. साहेब आन् अनवाणी, म्हणून शेजारच्या केशरकाकूनं घरात कुणी वारलं काय असं इचारलं. तो कोकणीत म्हणाला, न्हाई, आमचा नेमच हाय. त्यांच्यात एक जोडेवाले आन् एक बिनजोड्यांचे, असे दोन पंथ हायत म्हणे. (आमच्यात भाऊबंद बांधावरनं फुटतात, त्यांच्यात जोड्यांवरनं.) सगळी दिग्गी जन्मापासनं अनवाणी चालतीया, पण आमाला कुणी कधी साधू म्हटलं न्हाई.

त्याला लोंढ्याच्या टेशनाला जायचं हुतं. रानवाट दावायला मी निघालो, नव्या वहाणा घालून. पण मागं साधू अनवाणी आन् म्होरं मी वहाणा वाजवत, हे काय बरं न्हवं. काढल्या आन् काखेत मारल्या. पुढं बांबूच्या खुंटानं त्याची टाच फाटली. रगात आलं. वहाणांचं दान लई मोठं, असं आजा म्हणायचा. मी वहाणा म्होरं धरल्या. त्यानं त्या कपाळाला लावल्या, हातात घेतल्या आन् तसाच अनवाणी चालू लागला! म्हटलं, घालत न्हाई तर लोंढ्यात परत देईल.

न्हाई दिल्या, मामा. त्यांचा दुसरा नेम असा, की जवळ काय ठेवायचंच न्हाई. टेशनाबाहेर यशवंत नावाचा एक लाकूडवाल्याचा कारकून पायात काटा मोडून कण्हत बसलेला. पाद्र्यानं वहाणा त्याला दिल्या. दिलेलं दान मी कुठल्या तोंडानं मागू? मी नुसता हसलो, पण आतनं लई रडू आलं.

बाकी भात मळून झालं. थंडी बरी हाय.

ता.क. तो यशवंत बैलगाडीनं तुमच्या खानापुरालाच यायला निघालाय. बिनलग्नाचा हाय, मी इचारलं. म्हणून हे पत्र आगगाडीनं धाडतोय. लाल गोंडे बघून सुपारी फोडू नका. मी मागनं येतोय, अनवाणी.

आणखी एक. तो लंगडत येईल, त्यावरनं ओळखा. खरं सांगू? त्या वहाणा आमच्या पाणंदीतच मला कडकडून चावल्या हुत्या. पाद्री नसता तरी काढल्याच असत्या. दोन्ही करंगळ्यांवर फोड हायत. तुमचा भाचा म्हणून दावायला आता तेवढीच खूण उरली, ती बरी व्हायच्या आत पोचतो.