टर्किल नदीच्या काठाबद्दल माझे शेवटचे भाषण

मी, अर्डिथ लव्हेल हार्जिस, वय वर्षे ७९, नागरिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहणार बीचर्स फोर्ड, आर्कान्सा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर ते कोणाला जमलेले नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः गेल्या ऑक्टोबरात वकिलांनी टंकून दिलेले, अटींनी गच्च भरलेले ते.

कालचा दिवस अजून अंगातून उतरलेला नाही.

कलम १. माझे राहते घर माझा एकुलता मुलगा डॉयल याला द्यावे. तो लिटल रॉकमध्ये घरे विकतो, म्हणून लिहून ठेवते की स्वयंपाकघराचे छप्पर गळते, आणि ते गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

कलम २. बँकेतील सर्व शिल्लक आमच्या नदी समितीला द्यावी. तिचा उपयोग धरणाच्या कार्यालयाशी भांडण्यासाठीच करावा, चहापानासाठी नाही. ही नदी धरणाखालची आहे. पूर्वी वीज लागत नसली की जनित्रे बंद होत आणि आमच्या दारात नदीऐवजी डबकी उरत. भर थंडीत त्या डबक्यांत ट्राउट मासे कुशीवर पडलेले मी पाहिले आहेत. प्रत्येक जाहीर सुनावणीत मी उभी राहिले, वेळ संपल्याची घंटा वाजली तरी बसले नाही, आणि अखेर जनित्रे बंद असतानाही थोडा विसर्ग कायम ठेवण्याचा हुकूम निघाला. हे कोणी उपकार म्हणून दिलेले नाही. आम्ही ते ओढून घेतले आहे, आणि ढिले सोडले तर परत जाईल.

कलम ३. मासेमारी मंडळाचे माजी अध्यक्ष व्हर्नन स्प्रेग भर सुनावणीत म्हणाले होते, "हिवाळ्यात त्या नदीवर जातंय कोण?" त्यांना माझे जाड लोकरी मोज्यांचे जोड द्यावेत. त्यांनी ते घालावेत आणि जाऊन पाहावे.

कलम ४. माझे दिवंगत पती ऑरिन यांनी पिसे आणि दोरा गुंडाळून बांधलेल्या गळाच्या माश्या सहा डब्यांत आहेत. हिवाळ्यात ट्राउट चिलटांखेरीज कशाकडे बघत नाही, म्हणून त्या मोहरीएवढ्या आहेत. लर्लीन कोप्सच्या दुकानातल्या फळीवर त्या बरणीत ठेवाव्यात आणि गारठलेल्या हातांनी जो आत येईल त्याला फुकट द्याव्यात. माझी गळाची काठी मी लर्लीनलाच देणार होते, पण साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील सांगतात. लर्लीन म्हणते, "मग मी साक्षीदारच बरी. तुमची काठी वाकडी आहे."

कलम ५. आता मुख्य गोष्ट. रस्त्यापासून पाण्यापर्यंतची माझी जमिनीची पट्टी. पूर्वेस लर्लीनचे दुकान, पश्चिमेस हॉटेलवाल्यांची जागा, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस नदी. तिच्यातल्या पायवाटेने कोणीही पाण्यावर जातो, कोणी कोणाला विचारत नाही. हॉटेलवाल्यांना ती बोटींच्या धक्क्यासाठी हवी आहे. धक्का झाला की पायवाट बंद होणार आणि समोरची खडी उपसली जाणार. त्याच खडीत या डिसेंबरात, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, तपकिरी ट्राउटनी शेपटीने गोटे घासून घरटी केली आहेत. पाण्याखाली परातीएवढे पांढरे खळगे दिसतात. त्यांत अंडी आहेत. मी ते पाहिले तेव्हा काठावर एकटीच टाळ्या वाजवल्या.

नाताळासाठी आलेला डॉयल हॉटेलवाल्यांचा प्रस्ताव खिशात घेऊन आला होता. मी त्याला खळगे दाखवले. तो म्हणाला, "आई, हे खड्डे आहेत."

काल सकाळी पाणी उतरलेले होते. वडिलांची छातीपर्यंतची रबरी विजार चढवून डॉयल प्रवाहाच्या वरच्या अंगाच्या खडकावरून नदीतल्या बेटावर गेला, पलीकडच्या धारेत गळ टाकायला. दुपारपर्यंत पाणी सुटणार नाही, असे धरणाच्या फोनवर सांगितले होते. पण रात्रीत थंडी वाढली होती. लिटल रॉकमध्ये हीटर लागतात तेव्हा आमची नदी चढते, हे इथले शेंबडे पोरही जाणते. शहरात राहून माझा मुलगा ते विसरला. पाणी सुटल्याचा भोंगा झाला.

"डॉयल, नीघ तिथून! तुझ्याच हीटरचं पाणी येतंय!"

तो गळ गुंडाळत बसला. वरचा खडक बघता बघता बुडाला. आता परत यायला एकच उथळ जागा उरली होती, घरट्यांची खडी.

"खडीवरून ये! सरळ ये!" मी ओरडले.

तो कडेपर्यंत आला. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले होते. त्याने खाली पाहिले आणि थांबला.

"आई, इथं घरटी आहेत."

"मला सांगतोस? मीच दाखवली ना तुला! ये!"

"दोन मासे बसलेत अजून. पाय कुठं ठेवू?"

"कुठंही ठेव, गाढवा!"

"नाही येत मी," असे म्हणून तो मागे फिरला आणि बेटाच्या उंच भागावर झाडाखाली जाऊन उभा राहिला. दोन जनित्रे चालू असताना ते बेट बुडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी काठावरून हलले नाही.

पाणी उतरेपर्यंत त्याला तिथेच थांबणे भाग होते. लर्लीन कॉफी घेऊन आली, ती आम्ही दोघींनीच प्यायली. समोर श्रोता होता आणि तो उठून जाऊ शकत नव्हता. साहजिकच मी बोलू लागले. नदी कोणाची, काठ कोणाचा, विकत घेण्याचा हक्क कुठे संपतो, सगळे.

"ऐकू येतंय का रे?"

"दुर्दैवानं सगळं येतंय!"

"मास्तरीणबाई," लर्लीन म्हणाली, "कैद्यालासुद्धा जेवणाची सुट्टी असते."

मग डॉयलच ओरडला, "आई, वकिलानं मला तुझ्या अटी वाचून दाखवल्यात! विकायचं नाही, कुंपण नाही, झाड तोडायचं नाही. मग मला देतेस कशाला? त्या झाडालाच दे ना!"

मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

तो पाठ फिरवून पलीकडच्या धारेत गळ टाकू लागला. काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता; डॉयल तो ओठांनी वितळवत होता, लहानपणी करायचा तसा. आणि काठी वाकली! अशी वाकली की लर्लीनच्या हातचा पेला पडला. मोठा मासा, पिवळ्या पोटाचा, चढत्या धारेत आडवा पळाला.

"काठी वर धर! दोर सोड! डावीकडे, डावीकडे!"

"आई, गप्प बस! माझा मासा आहे!"

मी गप्प बसले. लर्लीन याला साक्ष आहे. डॉयल त्या माशामागे बेटाच्या टोकापर्यंत धावला, पडला, उठला, पुन्हा धावला, आणि शेवटी गुडघ्यांवर बसून त्याने मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. पलीकडून आम्हांला फक्त त्याची पाठ दिसत होती. मग त्याने हात मोकळे करून मासा सोडला आणि आरोळी ठोकून असा नाचला की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. मीही नाचले. गुडघे आज बोंबलत आहेत, बोंबलू देत.

संध्याकाळी पाणी उतरले तसा तो वरच्या खडकावरून आला, ओठ निळे, दात वाजत. घेवडा आणि मक्याची भाकरी पुढे ठेवून मी विचारले, "विकणार का?"

"ठरवलं नाही अजून. तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

सबब ही पट्टी मी डॉयल ऑरिन हार्जिस याला पूर्ण मालकी हक्काने, एकही अट न घालता देत आहे. वकिलांनी सकाळी फोनवर सांगितले की हा वेडेपणा आहे, तो उद्या विकून मोकळा होईल. होईलही. घरटी जातील, पायवाट जाईल, आणि मी उठून बोलायला नसेन. हे सर्व समजून लिहीत आहे. काल पाणी गुडघ्याला लागले असताना त्याच्यासमोर कुठलीही अट नव्हती. आईची आज्ञा होती, आणि ती त्याने मोडली.

वरील मजकूर वाचून, दोन ठिकाणी खोडून, खाली उल्लेखिलेल्या साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) अर्डिथ लव्हेल हार्जिस

साक्षीदार:
१. लर्लीन कोप्स, दुकानदार. बाई शुद्धीत आहेत. काल गप्प बसल्या होत्या, हेही खरे.
२. एव्हरेट डन्लॅप, टपाल खात्यातून निवृत्त.

स्थळ: बीचर्स फोर्ड, आर्कान्सा
दिनांक: २८ डिसेंबर २०१८